पाचशे तेरा

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. तुम्हाला खुर्चीत आडवं पाडलं, तोंडात कापूस, नळी, आरसा आणि स्वतःची दोन बोटं असा सगळा संसार मांडून झाला, की मग त्यांना तुमच्याशी गप्पा मारायच्या असतात. मुलं काय करतात, शाळा कशी चाललीय, यंदा उकाडा जरा जास्तच आहे, नाही का. तुम्ही बापड्यांनी घशातून 'अं' नाहीतर 'आं' काढायचं आणि त्यांनी त्यावर समाधान मानायचं.

गणिताच्या बाई त्या दुपारी अशाच आ वासून पडल्या होत्या. मागची दाढ कित्येक दिवस ठणकत होती, पण परीक्षा, पेपर, निकाल यात बाईंनी तिला दाद दिली नव्हती. शेवटी दाढेनंच बाईंना आणून खुर्चीत टाकलं. ज्या बाईंनी उभी हयात मुलींना 'तोंडं मिटा' सांगण्यात घालवली, त्यांना आता कोणीतरी 'उघडा, अजून उघडा, शाब्बास' म्हणत होतं. बाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं, पण इंजेक्शननं अर्धा जबडा आणि जीभ दोन्ही बधिर झाल्यामुळे नाराजी दाखवायची सोय राहिली नव्हती.

डॉक्टर तशा गोड बोलणाऱ्या. आवाज कधी चढायचा नाही, हात हलका. दाढ कोरता कोरता त्या म्हणाल्या, की तुमच्या मुलीचं कौतुक करायचं राहूनच गेलं, गावातल्या सगळ्या शाळांमध्ये पहिली येणं म्हणजे काय खायचं काम आहे का. बाईंनी डोळ्यांनीच आभार मानले. आमचा लांब्याही बसला होता बरं का त्या परीक्षेला, डॉक्टर म्हणाल्या. लांब्या म्हणजे त्यांचा मुलगा. उंचीनं आईच्या वर गेलेला, खांदे पाडून चालणारा, कोणाशी फारसं न बोलणारा. दुसरा आला, म्हणाल्या. एवढं शेवटचं गणित चुकलं आणि तेवढ्यानंच मागं पडला.

"आता तुम्ही आयत्याच सापडल्या आहात तर मला एक सांगा," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कोरायचं यंत्र बदललं. "तीन अंकी अशा किती संख्या आहेत, की ज्यांच्या तिन्ही अंकांचा गुणाकार केला तर त्याला तीननं पूर्ण भाग जातो. हेच होतं ना गणित? उत्तर पाचशे तेरा. आमच्या शहाण्यानं लिहिलं सहाशे चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, चुकलं तर चुकलं, त्यात काय. तर म्हणतो, आई, तू एकशे पाच घे. एक गुणिले शून्य गुणिले पाच किती? मी म्हटलं शून्य. म्हणतो, शून्याला तीननं भागलं तर बाकी काय उरते? मी म्हटलं, उरायला मुळात आहे काय तिथं? म्हणतो, झालं तर मग, बाकी उरत नाही म्हणजे पूर्ण भाग गेला, मग ती संख्या का नाही मोजली? मला काही सांगता आलं नाही हो. आमचं गणित दहावीलाच संपलं."

खुर्चीतल्या माणसाला उत्तर देता येत नाही हे एरवी किती गैरसोयीचं असतं. त्या क्षणी बाईंना ते वरदान वाटलं.

एकशे पाच. बाईंच्या डोक्यात नुसती एकशे पाच ही संख्या घुमायला लागली. एक, शून्य, पाच. गुणाकार शून्य. शून्याला तीननं भाग जातो. जातोच. पाचवीतल्या पोरालाही कळेल असं ते होतं आणि बाई गेली वीसएक वर्षं गणित शिकवत होत्या. त्यांच्या पाठीला खुर्चीचं कातडं चिकटलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का. बाईंनी मान हलवली. दुखत काहीच नव्हतं, बधिर केलं होतं ना.

"तेव्हापासून गणिताची सगळी पुस्तकं माळ्यावर टाकलीत त्यानं," डॉक्टर सिमेंट भरता भरता म्हणाल्या. "म्हणतो, असंच असेल तर मला नको. तुम्ही एकदा समजावाल का त्याला, त्याचं कुठं चुकलं ते? तुमचं ऐकेल."

बाईंनी 'अं' म्हटलं. डॉक्टरांनी समाधान मानलं.

आता ही परीक्षा काय आणि ते पाचशे तेरा कुठून आलं, हे सांगायला हवं, नाहीतर बाईंना एवढा धक्का का बसला हे कळायचं नाही. परीक्षा थोरल्या सरांची. थोरले सर म्हणजे बाईंचे स्वतःचे शिक्षक. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दर वर्षी गावातल्या सगळ्या शाळांसाठी एक गणिताची परीक्षा घ्यायचेच. पेपर स्वतः काढायचे. नुसतं अंतिम उत्तर तपासायचं, रीत बघायची नाही, असा त्यांचा खाक्या. जो पहिला येईल त्याला मोठ्या शहरातल्या गणिताच्या शिबिरात एक जागा. एकच. सगळी सुट्टी तिथं राहायचं, देशभरातली अशीच गणितानं झपाटलेली मुलं येतात, त्यांच्याबरोबर शिकायचं. बाईंची मुलगी चिमी नववीत होती आणि गेली तीन वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होती. झोपेत सुद्धा शिबिर शिबिर करायची, असं तिचे बाबा म्हणत. यंदा ती पहिली आली. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि रोज त्यात काहीतरी भरलं जात होतं, काहीतरी काढलं जात होतं.

सरांची आणखी एक पद्धत होती. पेपर छापायला जाण्याआधी ते एका जुन्या विद्यार्थ्याला घरी बोलावत, समोर बसवत आणि एकेक गणित सोडवून घेत. त्याचं उत्तर सरांच्या उत्तराशी जुळलं की गणित पक्कं. हा मान गेली कित्येक वर्षं बाईंचा होता. यंदा चिमी परीक्षेला बसणार म्हणून बाई नको म्हणाल्या होत्या, पण सर म्हणाले, तुझ्याइतकं विश्वासाचं मला कोण आहे. बाईंनी तो विश्वास असा जपला, की पेपर होईपर्यंतच्या दिवसांत घरात गणिताचा 'ग' सुद्धा काढला नाही. चिमी काही विचारायला आली की बाई कपडे वाळत घालायला निघून जायच्या.

आणि आता त्या गणिताबद्दल. सरांचा एक धडा होता. अंकांच्या गुणाकाराचं गणित दिसलं की आधी शून्य निवडून काढायचं, धान्यातला खडा निवडतात तसं. निवडल्याशिवाय शिजवायचं नाही. आणि हे चूक नव्हतं बरं का. गुणाकार छत्तीस येणाऱ्या संख्या शोधा, अठ्ठेचाळीस येणाऱ्या शोधा, असली गणितं असत, आणि तिथं एखादा अंक शून्य असला की सगळा गुणाकारच शून्य, ती संख्या कामाची नाही. सरांनी हे बाईंना शिकवलं, बाईंनी पुढं आपल्या मुलींना शिकवलं. यंदा सरांना काहीतरी नवीन विचारायची हौस आली. गुणाकार अमुक इतका, असं न विचारता गुणाकाराला तीननं भाग जातो का, असं विचारलं. आणि सवयीनं आधी शून्य निवडून काढलं. उरल्या सातशे एकोणतीस. त्यातल्या ज्यांना भाग जात नाही, म्हणजे ज्यांच्यात तीन, सहा, नऊ यातलं काहीच नाही, त्या दोनशे सोळा. वजा केल्या, पाचशे तेरा. समोर बसून बाईंनी सोडवलं. त्यांनीही आधी शून्य निवडून काढलं. पाचशे तेरा. दोघांचे चेहरे फुलले. सर म्हणाले होते, गणित झकास जमलंय.

शून्यवाल्या एकशे एकाहत्तर संख्या दोघांनी मिळून फेकून दिल्या होत्या आणि त्या सगळ्याच्या सगळ्या मोजायच्या होत्या.

दवाखान्यातून बाई बाहेर पडल्या त्या घराकडे गेल्याच नाहीत. ओठ एका बाजूला लोंबत होता, तोंडावर रुमाल धरला होता, आणि त्या नुसत्या चालत होत्या. औषधांच्या दुकानापाशी उभ्या राहून त्यांनी मनातल्या मनात दोन अंकी संख्या करून बघितल्या, म्हटलं कदाचित कुठंतरी गफलत असेल. दहा. एक गुणिले शून्य. शून्य. भाग जातो. वीस, भाग जातो. चाळीस, भाग जातो. दुकानदारानं विचारलं, काय देऊ. बाईंनी मान हलवली आणि पुढं झाल्या.

मग मनात दुसरं आलं, आणि ते आलं हे लपवून काय उपयोग. गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? डॉक्टरांना गणित कळत नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलगा बोलत नाही. त्यानं पुस्तकंच माळ्यावर टाकलीत. सरांना शंका यायचं काही कारण नाही. दोन ओळी बोलून त्या मुलाला समजावता येईल, शून्याची गोष्ट वेगळी असते बाळ, असं काहीबाही. चिमीची बॅग भरलेली आहे. तिनं नवा टॉवेल घेतलाय, त्यावर स्वतःच्या हातानं नाव भरलंय. असा विचार करता करता बाईंना स्वतःचीच किळस आली आणि तरी तो विचार जाईना. शेवटी त्या सरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही फार मोठ्या सचोटीनं नव्हे. त्यांना वाटत होतं, सर काहीतरी पळवाट काढतील. सर म्हणतील, अगं वेडे, शून्य धरायचं नसतंच मुळी, असा नियम आहे. सर म्हणाले की झालं.

सर शर्टांना इस्त्री करत होते. हे काम ते कोणालाही करू देत नसत. बाईंचा लोंबता ओठ पाहून त्यांना हसू आलं, दाढ काढली वाटतं, म्हणाले. बाईंनी जड जिभेनं एवढंच सांगितलं, की सर, शेवटच्या गणितात एकशे पाच घ्या.

"घेतली," सर म्हणाले. "शून्य आहे, निवडून काढली."

"का काढली, सर?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. काय विचारतेस, असं काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. इस्त्री शर्टाच्या पाठीवर होती. ती त्यांनी उचलली नाही. बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, आधी नुसती थट्टा, मग हिशोब, मग तो हिशोब पुन्हा, आणि मग रंगच उडाला. खोलीत जळका वास यायला लागला. बाईंनी पुढं होऊन बटण बंद केलं, इस्त्री उभी केली. शर्टावर तपकिरी डाग पडला होता. सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते खुर्ची चाचपत खाली बसले.

"शून्याला तर सगळ्यांनीच भाग जातो," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

बाई त्यांच्यासमोर बसल्या. बाईंनी सरांना असं कधी पाहिलं नव्हतं. फळ्यावर खडू मोडला तरी ज्यांचं वाक्य मोडायचं नाही, त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाईंना वाटलं, पाणी आणून द्यावं. तेवढ्यात सर बोलले, आणि अगदी हळू बोलले.

"मी तुलाच का बोलावत होतो गं तपासायला? कारण तू कधी चुकत नाहीस असं मला वाटायचं. तू चुकत होतीस. फक्त माझ्यासारखी चुकत होतीस, म्हणून मला कळत नव्हतं."

पळवाट मागायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायची ही तऱ्हा सरांची जुनीच होती. ते आपल्याबद्दलच बोलायचे आणि समोरच्याला सगळं लागायचं.

पुढचं सरांनीच ठरवलं. शिबिराच्या लोकांना आजच कळवायचं, अजून मुदत आहे. डॉक्टरांच्या घरी फोन करायचा नाही, स्वतः जायचं, आणि मुलाला समोर बसवून सांगायचं की तुझं बरोबर होतं, माझं चूक होतं. शर्टाची घडी घालता घालता त्यांना डाग दिसला, आणि त्यांनी तोच शर्ट अंगात चढवला. मग जाता जाता दारात थांबले आणि विचारलं, चिमीला कोण सांगणार. मी सांगते, बाई म्हणाल्या. सरांनी मान खाली घातली.

घरी चिमीचे बाबा बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा बारका स्क्रू शोधत जमिनीवर रांगत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानातलं अर्धं काम ते घरी आणून हरवत. बाईंचा लोंबता ओठ बघून ते म्हणाले, अरे वा, आज पहिल्यांदाच या घरात मला शेवटचा शब्द मिळणार म्हणायचा. एरवी बाईंनी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या काही न बोलता आत गेल्या तेव्हा बाबांना जरा काळजी वाटली, पण स्क्रू सापडला नव्हता.

आत चिमी पलंगावर मांडी घालून मोज्यांच्या जोड्या लावत होती. बॅग तशीच उघडी. बाई तिच्यासमोर बसल्या. वाटेत त्यांनी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. आधी गणित समजावून द्यायचं, हळूहळू, म्हणजे धक्का बसणार नाही. मग चूक कोणाची ते सांगायचं, माझी आणि सरांची, तुझी नाही. मग जागेचं. पोरीचं काळीज तुटेल, हे धरूनच त्या चालल्या होत्या.

"चिमे, तुमच्या पेपरातलं शेवटचं गणित आठवतं?" बाईंनी सुरुवात केली. "त्यात ना, समज एकशे पाच ही संख्या घेतली..."

"सहाशे चौऱ्याऐंशी," चिमी म्हणाली. तिनं मोज्यांवरून नजर वर केली नाही.

बाई थांबल्या. त्यांना वाटलं, गावात बोभाटा झाला, त्या मुलानं सांगितलं असणार. तुला कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं. कोणी कशाला सांगायला हवं, चिमी म्हणाली, परीक्षेत बसल्या बसल्याच आलं होतं की ते उत्तर. सगळ्या मिळून नऊशे, भाग न जाणाऱ्या दोनशे सोळा. एका ओळीचं तर गणित होतं.

बाईंना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग ऐकू आलं.

"मग पाचशे तेरा का लिहिलंस?"

"तेच बरोबर धरणार होते ना." चिमीनं एक मोजा दुसऱ्यात घातला. "पेपर सरांचा. सर शून्य निवडून काढणार. मग मीही काढलं आणि परत मोजलं. पाचशे तेरा आलं, ते लिहिलं."

"मी तुला एका शब्दानं काही..."

"तू नाहीच सांगितलंस, आई. तू किती जपत होतीस ते दिसत होतं मला. मी आले की ओले कपडे घेऊन पळायचीस. पण सांगायची गरजच नव्हती."

दवाखान्यात बसला तो धक्का, सरांकडे बसला तो धक्का, दोन्ही याच्यापुढं काहीच नव्हते. चुकलेल्या मुलीला सांभाळून घ्यायची तयारी करून त्या आल्या होत्या. मुलगी चुकलीच नव्हती. तिनं समजून उमजून, डोळे उघडे ठेवून, खोटं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि ते त्यांच्यासाठी लिहिलं होतं.

आता जागेचं सांगणं तर भागच होतं. सरांना चूक कळलीय, ते डॉक्टरांकडे गेलेत, जागा आता त्या मुलाला जाईल, असं बाईंनी तोडून टाकल्यासारखं सांगितलं. चिमीनं ऐकून घेतलं. हातातला मोजा तिनं बॅगेत ठेवला, मग बाहेर काढला, मग तो कुठं ठेवायचा हेच तिला कळेना. आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, बाबांना ऐकू जाऊ नये अशी.

"मला जायचं होतं गं," ती म्हणाली. "खूप जायचं होतं."

"मग खरं उत्तर लिहायचं होतंस ना, बाळा. आज त्या जागेवर तुझाही हक्क राहिला असता."

"आज. तेव्हा नाही ना. तेव्हा खरं लिहिलं असतं तर त्या मुलाचं झालं तेच माझं झालं असतं." तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "तू तपासला असतास माझा पेपर, आणि मी सहाशे चौऱ्याऐंशी लिहिलं असतं, तर तू मला मार्क दिले असतेस?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. आईला येतं. पण समोर बसलेली मुलगी उत्तर आधीच काढून बसली आहे आणि आपण काय लिहितो एवढंच बघते आहे, हे त्यांना कळत होतं.

"नसते दिले," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर." चिमी जरा शांत झाली. जणू आता भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं. "एवढं काय त्यात. आम्ही सगळ्याच तसं करतो."

बाईंनी विचारलं, सगळ्या म्हणजे कोण. वर्गातल्या, चिमी म्हणाली. आणि मग बसचा मार्ग सांगावा इतक्या सरळपणे तिनं सांगितलं, की गणिताच्या पेपरात दोन उत्तरं काढायची असतात, एक खरं आणि एक बाईंचं. बहुतेक वेळा दोन्ही सारखीच येतात. जिथं फरक पडेल तिथं बाईंचं लिहायचं. तिला हे वरच्या वर्गातल्या मुलींनी शिकवलं होतं, ती आईच्या वर्गात आली त्या पहिल्याच आठवड्यात. त्यांना त्यांच्या वरच्यांनी शिकवलं होतं. त्याच्या आधीचं चिमीला माहीत नव्हतं.

बाईंच्या डोळ्यांपुढून एकेक वर्षाच्या मुली जायला लागल्या. बाकावर ताठ बसलेल्या, वेण्या घातलेल्या, बाई बोलल्या की माना डोलावणाऱ्या. बाईंच्या वर्गात कधी कोणी शंका विचारत नसे. मुख्याध्यापिका दर वर्षी सगळ्या शिक्षकांसमोर ते बोलून दाखवत आणि बाईंना ते ऐकताना बरं वाटे, की आपण इतकं स्वच्छ शिकवतो, शंकेला जागाच राहत नाही. पैकीच्या पैकी मार्कांचे ते गठ्ठे. लाल शाईनं बरोबर, बरोबर, बरोबर. त्यातलं किती खरं होतं आणि किती त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं? पोरी समोर बसून त्यांना सांभाळून घेत होत्या. वर्षानुवर्षं. आणि त्यात पोटची पोरही होती.

"तू मला का नाही सांगितलंस कधी?" त्यांनी विचारलं.

एकदा सांगितलं होतं, चिमी म्हणाली. पहिल्या वर्षी, हात वर करून. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, घरचं शहाणपण घरी ठेवायचं, इथं मी तुझी आई नाही. सगळ्या मुली हसल्या होत्या. बाईंनी आठवून पाहिलं. त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर बाबांना स्क्रू सापडला असावा, त्यांनी स्वतःशीच एक शीळ घातली.

बाईंनी मोज्यांचा ढीग बाजूला सारला आणि पाय वर घेऊन त्या मुलीसमोर नीट मांडी घालून बसल्या. जीभ अजून थोडी जड होती.

"आणखी कुठं कुठं?"

"काय कुठं?"

"फरक कुठं कुठं पडतो. खरं उत्तर वेगळं आणि माझं वेगळं, असं आणखी कुठं कुठं आहे?"

चिमीनं आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. रागावली आहे का, पुढं वर्गात याचा सूड निघेल का, हे ती पाहत असावी. बाईंनी नजर हलवली नाही.

"खरंच सांगू?"

"सांग."

चिमी उठली. बाहेर बाबा आहेत ना, तुझ्या चुका त्यांना कशाला ऐकवायच्या, म्हणाली, आणि तिनं आधी खोलीचं दार लावून घेतलं.